हौस म्हणे!

‘हौस हाय त्यांची, करू द्या की.’

कराडजवळच्या एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ जिलेबी मोडता मोडता हे बोलले. विषय निघाला होता वाळवा तालुक्यातल्या एका जोडप्याचा. अडीच एकर रान, घरची चार माणसं, एक म्हैस, एक गाय आणि तिचं खोंड. हळद, भुईमूग, शाळू, बांधाला तूर, विहिरीकडच्या तुकड्यात भाजी. गेली नऊ वर्षं त्या रानात युरियाची गोणी उतरलेली नाही. गृहस्थ स्वतः वीस एकर उसाचे धनी. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती, आणि तेच मला जास्त झोंबलं. नातवानं दिवाळीत मातीचा किल्ला करावा आणि आजोबांनी कौतुकानं बघावं, तसा तो सूर होता. किल्ला छान आहे, पण राहायला आपला वाडाच बरा.

पंगतीत भांडू नये म्हणतात. मी मठ्ठा प्यायलो आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं महिनाभर घशात अडकून राहिलंय.

कारण हे मत त्या एकट्या गृहस्थांचं नाही. कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर ते ऐकू येतं, कारखान्याच्या सभेला आलेल्या सभासदांत ऐकू येतं, आणि शहरात बसून शेतीवर सदरं लिहिणाऱ्यांच्या तोंडीही असतं, फक्त तिथं ते इस्त्री केलेलं असतं. सगळं एकत्र बांधलं तर गाठोडं असं होतं: सेंद्रिय शेती हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे. तिचा माल महाग, म्हणून तो पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत खपतो, गरिबाच्या ताटापर्यंत जात नाही. उत्पन्न निम्म्यावर येतं. सगळ्यांनीच हे करायचं ठरवलं तर देश भीक मागेल, श्रीलंकेचं काय झालं बघा. त्यातून ही मंडळी एक-दोन एकरवाली. एवढ्या तुकड्यावर शेती होत नाही, परसबाग होते. त्यांच्या शेणामुताला शास्त्राचा आधार नाही. आणि शेवटी, रात्री गुपचूप फवारत नसतील कशावरून? हे शेवटचं डोळा मारून म्हणायचं असतं.

ठीक आहे. गाठोडं सोडू.

आधी ती हौस. हौशी शेती आपल्याकडे आहेच, नाही कोण म्हणतो? वाई-पाचगणीच्या अंगाला धोमच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेले बंगले बघा. भोवती ठिबकवर वाढवलेली आंब्याची चार झाडं, गड्याच्या हवाली केलेली गीर गाय. मालक शनिवारी येतात, रविवारी वांग्यांचे फोटो काढून परत जातात. पैसा त्यांचा, वांगी त्यांची, माझी काही तक्रार नाही. गंमत एवढीच की या मालकांना कुणी हौशी म्हणत नाही. त्यांना ‘प्रगतिशील शेतकरी’ म्हणतात आणि व्यासपीठावर शाल घालतात. हौशी ठरतं ते वाळव्याचं जोडपं, ज्यांना रविवार कधी येऊन गेला याचा पत्ता नसतो.

त्यांची हौस कशी असते ते सांगतो. हळद अक्षय तृतीयेच्या सुमारास जमिनीत जाते आणि रान मोकळं व्हायला आठ-नऊ महिने लागतात. तणनाशक मारायचं नाही म्हटलं की पावसाळ्यात तीन वेळा, तण हट्टाला पेटलं तर चार वेळा, खुरपं घेऊन बसायचं. सरीत पाचट अंथरलं तर एखादी भांगलण वाचते, पण पाचट आणायचं कुठून? शेजारचा ते काडी लावून मोकळा होतो. मग भरणी, काढणी, शिजवणं, वाळत घालणं, पॉलिश. मधल्या वेळात धारा, वैरण, शेणखताचा खड्डा उलथणं. वरून जीवामृत: दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, आणि सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. हौशी माणसाची हौस साधारण तिसऱ्या ढवळण्याला फिटते. या घरात ती नऊ वर्षं फिटलेली नाही, म्हणजे ती हौस नसावी अशी शंका तरी घ्याल की नाही?

टीका करायचीच असेल तर एक खरी टीका मी पुरवतो. उसवाल्यांच्या तोंडून ती मी कधी ऐकलेली नाही. या शेतीतलं वाढीव काम बहुतेक करून बाईच्या कमरेवर पडतं. ‘औषध मारायचं न्हाई हे ह्यांनी ठरवलं, खुरपं घेतलं मी,’ असं त्या घरच्या वहिनी एकदा हसत म्हणाल्या. ते हसणं पुरतं हसणं नव्हतं. एकमेकांच्या रानात कामाला जायचा पैरा मोडला, मजूर मिळत नाहीत, आणि हळदीच्या सरीत चालेल असं हातयंत्र अजून कुणाला धड जमलेलं नाही. याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण ‘फार राबावं लागतं’ आणि ‘हौस आहे’ ही दोन वाक्यं एकाच तोंडातून कशी येतात, हे मला कळत नाही.

आता महागाई. ही हळद एवढी महाग का, असं विचारणाऱ्यानं आधी दुसऱ्या मालाच्या स्वस्ताईची चौकशी करावी. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. अनुदान नसतं तर तिला दोन हजारांहून जास्त मोजावे लागले असते, हे सरकार स्वतःच अभिमानानं सांगतं. मधला फरक कोण भरतं? तुम्ही भरता, मी भरतो, आणि साबणाची वडी विकत घेताना त्या वहिनीही भरतात, ज्यांच्या रानात ती गोणी कधी जात नाही. युक्रेनच्या युद्धानं खतांचे भाव भडकले त्या २०२२-२३ साली केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मोठ्या गाजावाजानं मंजूर झालं, त्याची एकूण तरतूद २,४८१ कोटी. शंभर रुपयांना एक रुपया. ज्याला शंभर मिळाले तो एक रुपयावाल्याला सांगतोय की बाबा, तुझं काही परवडणारं नाही.

पाण्याचंही तेच. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के सरकारचे आणि १९ टक्के शेतकऱ्याचे, असा वाटा ठरला. आटपाडी, जत, कवठेमहांकाळला पाणी पोचावं म्हणून झालेल्या या खर्चाच्या बाजूनं मी कुठंही हात वर करीन. टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणाऱ्या बायका बघितलेल्या माणसाला वेगळं बोलवणार नाही. पण डोंगर चढवून आणलेलं तेच पाणी शेवटी उसाच्या सरीत सोडायचं आणि त्या उसाला ‘परवडणारी शेती’ म्हणायचं, हे कोणतं गणित?

आणि कृष्णाकाठची क्षारपड? वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत अशी शिवारं आहेत, जिथल्या जमिनीला एके काळी सोन्याचा भाव होता आणि आज तिच्यावर पांढरा थर फुललाय, कडेनं लव्हाळा माजलाय. काळी चिकण जमीन, निचरा नाही, वर्षानुवर्षं ऊस एके ऊस, पाण्याचे लोट आणि गोणीवर गोणी. ती परत वहिवाटीला आणायची तर जमिनीच्या पोटात सच्छिद्र पाइप घालून निचरा काढावा लागतो. तो खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणून तिथंही सरकारकडे हात. यातलं काही साखरेच्या पुड्यावर छापलेलं नसतं. त्या वहिनींच्या हळदीच्या पुडीवर मात्र भांगलणीच्या शेवटच्या रोजगारापर्यंत सगळा खर्च चढलेला असतो, कारण तिचा दुसरा कुणी वाली नाही. म्हणून ती महाग दिसते.

गुळाचं बघा ना. रसात रानभेंडीचा चिक घालून मळी काढली आणि दुसरं काही घातलं नाही तर गूळ तांबूस-काळपट निघतो. पिवळाधमक हवा असेल तर हायड्रोस हे रसायन टाकतात. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून पिवळ्या ढेपेवर बोट ठेवतं, पिशवी भरतं, आणि घरी येऊन सेंद्रिय मालाच्या भावावर तोंड सोडतं.

राहिला गरिबाच्या ताटाचा मुद्दा. हे बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गरीब म्हणजे शहरातला कुणीतरी असतो. अडीच एकरातला पहिला खाणारा घरातलाच आहे. शाळूची भाकरी, तुरीचं वरण, घाण्याचं शेंगतेल, परड्यातली मेथी, घरचं ताक. बाजारात जातं ते यातून उरलेलं, आणि हळद. वीस एकर उसाच्या घरात ज्वारी, डाळ, तेल, भाजी, एवढंच काय कोथिंबीरसुद्धा पिशवीतून येते. गरिबाच्या ताटाची काळजी असणाऱ्यांनी या दोन ताटांकडे एकदा बघून घ्यावं.

उत्पन्न घटतं का? घटतं. पहिली दोन-तीन वर्षं चांगलंच घटतं, आणि जो तसं सांगत नाही तो तुम्हाला काहीतरी विकायला आलाय असं समजा. गोणीवर वाढलेल्या जमिनीत जीव परत यायला वेळ लागतो. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की ‘कमी’ असा शेरा येतो, आणि आपल्याकडच्या कितीतरी रानांना तो शेरा पाठ झालाय. पण ‘निम्मं’ हा आकडा कुठून काढला? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरातले शंभरावर अभ्यास एकत्र करून काही वर्षांपूर्वी तुलना मांडली. सरासरी तूट निघाली १९ टक्क्यांच्या आसपास. आणि जिथं सेंद्रिय शेतकरी मिश्रपीक किंवा फेरपालट करत होता तिथं ती आठ-नऊ टक्क्यांवर आली. मिश्रपीक आणि फेरपालट! म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्याला नुसतं ‘शेती’ म्हणायच्या ते. तुलना नेहमी एका पिकाच्या एकरी टनाची होते. हळदीच्या कडेनं निघालेली मिरची, बांधावरची तूर, गोठ्यातलं दूध आणि विकत घ्यावी न लागलेली वैरण यांना त्या तक्त्यात रकानाच नसतो.

बरं, देश उपाशी मरेल ही चिंता करतंय कोण? ज्यांच्या वीस एकरांत ज्वारीचं एक कणीस सापडणार नाही ते. सातारा-सांगलीतली कृष्णाकाठची अव्वल जमीन आणि हुकमी पाणी घेऊन आपण पिकवतो काय? साखर. आणि आता इथेनॉल, म्हणजे मोटारीच्या टाकीचं पोट. माणसाच्या पोटाचं धान्य कुठं पिकतं ते बघायला माण-खटावच्या बाजरीत जावं लागतं, जतच्या शाळवात जावं लागतं, कोरेगावच्या वाघ्या घेवड्यात जावं लागतं, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती सगळी बहुतेक लहान रानं, कोरडवाहू किंवा अर्धओली, आणि गोणी त्यांच्यापर्यंत पोचली तरी नावाला. ऊस लावा, त्याचा काटा हुकमी आहे, कारखाना नेतो, पैसे येतात. मी कुणाला ऊस मोडा म्हणत नाही. फक्त तो लावून देशाचं पोट भरत असल्याचा आव आणू नका.

श्रीलंकेचं नाव घेतल्याशिवाय ही चर्चा हल्ली पुरी होत नाही. तेही आटपून घेऊ. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारनं रासायनिक खतं-औषधांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली आणि नोव्हेंबरात ती मागे घेतली. तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट होता, हेही त्या घाईमागचं एक मोठं कारण होतं. हंगाम तोंडावर, खड्ड्यात खत नाही, आणि वरून हुकूम. सेंद्रिय प्रमाणनाचे आपले नियमच हंगामी पिकाला दोन वर्षं आणि बागेला तीन वर्षं संक्रमणाची मानतात. दारूसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एका झटक्यात सोडवत नाहीत. राजपक्ष्यांच्या हुकूमशाहीचं माप वाळव्याच्या वहिनींच्या पदरात घालायचं म्हणजे कमाल आहे.

‘एवढ्याशा तुकड्यावर काय होणार’ हा मुद्दा मात्र मला सगळ्यांत जास्त चीड आणतो. तुकडा कुणाचा मोठा आहे? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातलं सरासरी वहितीचं क्षेत्र १.०८ हेक्टर निघालं, महाराष्ट्रात १.३४ हेक्टर. देशातली ८६ टक्के खाती लहान आणि सीमांत शेतकऱ्यांची. म्हणजे अडीच एकर हा अपवाद नाही, अडीच एकर हाच भारत. वीस एकरवाले अपवाद आहेत, आणि त्यांच्या पोरांच्या वाटण्या झाल्या की तेही याच रांगेत येऊन उभे राहणार आहेत. तेव्हा लहान तुकड्यावर जगायचं कसं हे जो शोधतोय तो परसबाग करत नाही. तो उद्याच्या तुमच्या नातवाचा धडा आजच गिरवतोय.

आणि हा धडा आपल्याच मुलखात पूर्वीच गिरवला गेलाय, याचा विसर पडावा हे नवल. श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१), नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू, गणिताचे प्राध्यापक. कृषी विद्यापीठाची पदवी नाही, सरकारी खुर्ची नाही. त्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या गटात तासगावकडचे द्राक्षवाले आले आणि पानाचं क्षेत्रफळ, त्यावर पडणारं ऊन, मुळीचा विस्तार यांची मोजमापं घेऊ लागले. शाळा फारशी न शिकलेली माणसं पानं मोजत होती, वह्यांत नोंदी करत होती, एकमेकांच्या बागेत जाऊन चुका काढत होती. त्या द्राक्षबागा सेंद्रिय होत्या असा खोटा दावा मी करणार नाही. पण दाभोलकर त्यातून जिथं पोचले ते ‘विपुलाच सृष्टी’त त्यांनी मांडलंय: सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि घरच्या माणसांचे डोळे-हात नीट वापरले तर दहा गुंठ्यांत पाच जणांचं कुटुंब चांगलं जगू शकतं. दहा गुंठे! आमच्या जोडप्याकडे त्याच्या दसपट आहे. हा आकडा कुणाला अतिशयोक्त वाटला तर वाटो, पण त्याच्याशी वाद घालायचा तर आधी पानं मोजावी लागतील.

तिकडं खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं. पात्रातली वाळू विकून त्यातून पैसा उभा केला, आणि पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठेवता कुटुंबावर ठेवला, भूमिहीनालासुद्धा. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले अभियंते के. आर. दाते यांनी पुढे सुहास परांजपे आणि के. जे. जॉय यांच्यासोबत १९९७ साली अख्खं पुस्तक लिहून दाखवलं की मोजकं पाणी आणि रानातच तयार होणारा जैवभार यांच्या बळावर लहान कुटुंब तगू शकतं, वर येऊ शकतं. हे सगळे हौशी होते काय? येरळेच्या वाळूत घाम गाळलेल्यांना तेवढं विचारून बघा.

लहान असणं ही इथं अडचण नाहीच, ती अट आहे. कंदकूज कुठल्या सरीत लागली हे पहिल्या दोन-चार गड्ड्यांवर ज्याला दिसतं, तो ती सरी उपसून, ट्रायकोडर्मा घालून मोकळा होतो. वीस एकरांत ती दिसेपर्यंत अर्धं रान पिवळं पडलेलं असतं, आणि मग ड्रमच्या ड्रम आळवणी करण्यावाचून गत्यंतर नसतं. रोज बांधावरून फिरणारी नजर कुठल्या दुकानात लिटरवर मिळत नाही.

शास्त्राचं काय, असं पुढे विचारलं जातं. पंगतीतल्या त्या गृहस्थांनी मला किर्लोस्करांच्या नांगराची गोष्टही ऐकवली. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून लोक नांगर घेईनात, पहिला खपायला दोन वर्षं लागली, आणि तुम्ही सेंद्रियवाले त्याच गोटातले. गोष्ट खरी आहे, पण अर्धी सांगितली. लोकांनी नांगर घेतला तो भाषण ऐकून नाही, रानात तास पडलेलं बघून घेतला. मग वाळव्याचंही रान बघायला या. नऊ वर्षांनी तिथं ढेकूळ हातात घेतलं तर चुरतं, आणि पाऊस झाल्यावर शेजारच्या रानाआधी वाफसा येतो. हे बघायला बांध ओलांडावा लागतो, आणि नेमका तोच कुणी ओलांडत नाही.

चमत्कार सांगणाऱ्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. देशी गाईच्या शेणात अमुक कोटी अमुक असतं आणि तेवढ्यावर सगळं आपोआप होतं, अशी कीर्तनं करत फिरणाऱ्यांनी या शेतीचं जेवढं वाटोळं केलं तेवढं खतकंपन्यांनाही जमलं नसेल. पण त्यांच्या कीर्तनासाठी रानात राबणाऱ्याला का फाशी देता? जमिनीतून उचललेलं जमिनीला परत द्यावं, यात गूढ काय आहे? खटाव तालुक्यातलं कटगुण हे ज्यांच्या घराण्याचं मूळ गाव, त्या जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच बजावलं होतं. डोंगरावरचा पालापाचोळा, शेणलीद पावसाबरोबर शेतात उतरते आणि शेत सुपीक करते, जंगलखात्यानं ते मोडलं, आता ताली-बंधारे घालून ते पाणी आणि ती माती शिवारात जिरवा. फुल्यांना अंधश्रद्ध म्हणायची कुणाची छाती आहे?

हरिपूरच्या पेवांचंच घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खड्डे घेऊन सांगलीची हळद वर्षानुवर्षं ठेवली जायची, ना फवारा ना धुरी. कीड लागत नसे. २००५ च्या महापुरानं त्यातली बहुतेक पेवं गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मानांकन आलं तेव्हा सगळ्यांना ती पेवं आठवली. व्यापाऱ्याच्या खड्ड्यातलं ते ज्ञान ‘वारसा’, आणि शेतकऱ्याच्या खड्ड्यातलं शेणखत मात्र ‘मागासलेपण’!

उलट शास्त्राच्या नावानं काय खपतं तेही बघू. आपण मराठीत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. औषध मारलं, म्हणतो. आणि कुणी जीव दिला तर ‘औषध प्याला’ असंही म्हणतो. एकाच शब्दात बागही वाचते आणि माणूसही मरतो, तरी आपल्याला त्यात काही खटकत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात हे ‘औषध’ मारताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून अडकली. हे वाढ रोखणारं रसायन तेव्हा बागांत सर्रास वापरात होतं, कुणी त्याला अशास्त्रीय म्हटलं नव्हतं. परदेशातल्या प्रयोगशाळेनं नाकारल्यावर आपण जागे झालो. बोटीत बसणाऱ्या द्राक्षाचे अंश तपासायचे आणि तासगावच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या द्राक्षाचे नाही, हे शास्त्र आहे की पाहुण्यासाठी वेगळं ताट?

आणि आता तो डोळा मारून विचारलेला प्रश्न. खरं कशावरून?

नाव सेंद्रिय, माल मार्केट यार्डातला, असे ठग आहेत. त्यांना खुशाल धरा, ते आमचेही शत्रू आहेत. पण व्यवस्था कशी उलटी लावलीय बघा. जो विष मारतो त्याला कुणी कागद मागत नाही. जो मारत नाही त्यानं ‘मी मारत नाही’ हे कागदावर सिद्ध करायचं. तिसऱ्या पक्षाचं प्रमाणपत्र घ्यायचं तर खर्च त्याचा. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांना द्यायचं प्रमाणपत्र, घ्यायचं तर गावातले किमान पाच जण जमवून गट करायचा, एकमेकांची रानं तपासायची, नोंदवह्या भरायच्या. संक्रमणाच्या दोन-तीन वर्षांत पिकलेला माल साध्या भावानं विकायचा, उत्पन्न घटलेलं असताना. शेजारच्याचा फवारा वाऱ्यावर आला तर बांधाकडचं रान कुणी सोडायचं? न मारणाऱ्यानंच. त्याच्या सरीतलं पाणी उतरून आलं तर चर कुणी खणायची? न मारणाऱ्यानंच. वाळव्याच्या त्या रानात उसाकडच्या बाजूला दोन सऱ्या अशाच पडीक सोडल्यात, आणि गवत माजवून आडोसा केलाय. अडीच एकरातून दोन सऱ्या शेजाऱ्याच्या औषधाला दिलेल्या. त्याची भरपाई कुठल्या योजनेत बसते? हे सगळं निस्तरूनही ते जोडपं उभं आहे, आणि वर त्यालाच विचारायचं, तू खरा कशावरून?

मी एकदा त्या वहिनींना विचारलं, एवढं कशाला ओढवून घेतलं? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी त्यांचे यजमान आबा यांनीच विहिरीकडे बोट केलं. त्यांच्या आईला प्यायला पाणी याच विहिरीचं. शेजारचं रान दोन वर्षांपूर्वी पांढरं पडायला लागलं तेव्हा त्याच्या मालकानं येऊन विचारलं होतं, तुमचं कसं राहिलं? तो मालक अजून ऊसच लावतो. पण मागच्या हंगामात पाचट पेटवलं नाही, तीन गाड्या या जोडप्याच्या बांधावर आणून टाकलं. कुणाला ही क्रांती वाटणार नाही. मला ती तीन गाड्या पाचट वाटते, आणि तेवढं पाचट अंथरलं की एक भांगलण वाचते.

तर पंगतीतल्या गृहस्थांना माझं निमंत्रण आहे. येताना गेल्या वर्षीच्या खताच्या पावत्या आणा, आणि त्यांवर अनुदानासकट खरी किंमत पेन्सिलीनं लिहून आणा. उपशाच्या वीजबिलातला सरकारचा वाटा लिहा. ओढ्याकडच्या दोन एकरांत पाइप घालायचा जो अर्ज केलाय, त्याचा आकडाही लिहा. वहिनींची वही तयार आहे, त्यात गाईच्या पेंडीपासून भांगलणीच्या रोजगारापर्यंत सगळं आहे, त्यांच्या स्वतःच्या रोजगारासकट. दोन्ही हिशेब एका ओट्यावर मांडू आणि मग ठरवू, हौस कुणाची चाललीय आणि कुणाच्या पैशावर. फक्त हळद काढणीच्या वेळी येऊ नका, तेव्हा रान सगळ्यांनाच आवडतं. आषाढात या, दुसऱ्या भांगलणीला. खुरपं घरचं आहे.